दर्या दौलत आणि एक संमतिपत्र

आमच्या शाळेची सहल म्हणजे विजापूर, पन्हाळा किंवा महाबळेश्वर. एका वर्षी विजापूर, दुसऱ्या वर्षी पन्हाळा, तिसऱ्या वर्षी महाबळेश्वर आणि चौथ्या वर्षी पुन्हा विजापूर. गोलघुमटात मुली एकमेकींना हाका मारायच्या, आपलाच आवाज परत आला की खिदळायच्या, इब्राहिम रोज्याजवळ डबे सोडायच्या आणि रात्र व्हायच्या आत परतीची गाडी. मुक्काम नाही, त्यामुळे पालकांची तक्रारही नाही.

यंदा आम्ही तिघींनी ठरवलं, नववीच्या मुलींना म्हैसूर आणि श्रीरंगपट्टणला न्यायचं. टिपू सुलतानाची दर्या दौलत बाग आणि तिच्यातला महाल दाखवायचा.

आम्ही तिघी म्हणजे मिरजेतल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या शिक्षिका. एक इतिहास-भूगोल शिकवते, एक विज्ञान आणि एक मराठी. तिघी बी.एड., तिघी तिशीतल्या, तिघींच्या घरी लहान मुलं आणि सासूबाई. शाळेत मुली आम्हाला आपा म्हणतात. इथे जे लिहिलं आहे ते तिघींच्या बोलण्यातून आलेलं आहे, म्हणून यात 'मी' सापडणार नाही.

नववीच का, तर दहावीला सहल नसते. बोर्डाचं वर्ष. आणि दहावीनंतर आमच्या मुलींचं काय होतं, हे या अंकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. काही कॉलेजात जातात, काहींचं लग्न ठरतं, काही अम्मीबरोबर शिलाईला बसतात. पुष्कळजणींसाठी नववीची सहल ही पहिली आणि शेवटची. अब्बांशिवाय, भावाशिवाय, नुसत्या मैत्रिणींबरोबर बघितलेलं गाव. ते गाव जरा लांबचं असावं, एवढीच आमची इच्छा होती.

आमच्यापैकी एकीने लग्नानंतर सासरच्या मंडळींबरोबर ही बाग बघितली होती. बघितली म्हणजे वीस मिनिटं. बाहेर रिक्षा थांबवलेली, सासरे घड्याळ बघत उभे. पण त्या वीस मिनिटांचं तिने केलेलं वर्णन आम्ही स्टाफरूममध्ये इतक्या वेळा ऐकलं आहे की आता तिघींनीही ती बाग पाहिल्यासारखी झाली आहे. फाटकातून आत गेलं की सरळ लांब वाट. दोन्ही बाजूंना हिरवळ, सरूची झाडं. वाटेच्या टोकाला महाल. महाल म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तसा आभाळाला भिडलेला नाही. चौथऱ्यावर बसलेला, सागवानी खांबांचा, भोवती व्हरांडा असलेला. १७८४ साली टिपूने तो उन्हाळ्यात राहण्यासाठी पुरा केला. किल्ल्यातल्या त्याच्या लाल महालाचा आज नुसता पाया उरला आहे. हा लाकडी, बागेतला, तेवढा टिकला.

या महालाच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. पश्चिमेच्या भिंतीवर पोल्लिलूरची लढाई आहे. १० सप्टेंबर १७८० ची. त्या दिवशी हैदरअली आणि टिपूच्या फौजेने इंग्रजांच्या कर्नल बेलीची तुकडी पार मोडून काढली होती. चित्रात बेली पालखीत बसला आहे, त्याच्याभोवती शिपायांनी चौकोन धरला आहे, आणि मधल्या मधे दारूगोळ्याची गाडी पेटून उडते आहे. ऊन लागून रंग उडू नयेत म्हणून व्हरांड्याला हिरवे पडदे सोडलेले असतात.

हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "आपा, महाल पण पडद्यात?"

सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो.

आमच्या मराठीच्या तासाला या सहलीने आयताच धडा दिला. 'दर्या दौलत' म्हणजे काय? आमच्या मुलींना उर्दूतला दरिया माहीत आहे, तो म्हणजे नदी. मराठीच्या पुस्तकातला दर्या मात्र समुद्र. मुलींचे दोन तट पडले. महालाच्या शेजारून कावेरी वाहते, म्हणून नदीची दौलत, असं एका बाजूचं म्हणणं. एवढा मोठा सुलतान, त्याने समुद्राखालचं काही मागितलंच नसेल, असं दुसरीचं. फारसीत दोन्ही अर्थ चालतात असं सांगितल्यावर दोन्ही बाजू जिंकल्या. मग 'बाग' आली. उर्दूत बाग 'तो', मराठीत बाग 'ती'. शब्द एकच. या मुली सकाळी शाळेत 'अच्छा बाग' लिहितात आणि दुपारी मराठीच्या वहीत 'चांगली बाग' लिहितात, आणि दोन्हीकडे त्यांना पूर्ण मार्क मिळतात. ही गोष्ट आम्हाला पुढे फार उपयोगी पडली.

बी.एड.ला आम्हाला पाठटाचण काढायला शिकवलं होतं. उद्दिष्टं, साधनं, कृती, मूल्यमापन. सहलीचं टाचणही आम्ही तसंच काढलं. मिरजेहून म्हैसूरला रेल्वे जाते. दोन रात्री गाडीत, दोन रात्री म्हैसुरात. पहिल्या दिवशी म्हैसूरचा वाडियारांचा राजवाडा. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नात आग लागून जळाला, त्या जागी १९१२ मध्ये हा नवा पुरा झाला. रविवारी संध्याकाळी तिथे हजारो दिवे लागतात, म्हणून रविवार साधायचा. प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद, म्हणून मंगळवार टाळायचा. दुसरा दिवस श्रीरंगपट्टणला. म्हैसूरहून जेमतेम पंधरा किलोमीटर. कावेरी दोन फाटे फोडून एका बेटाला वेढा घालते आणि पुढे पुन्हा एक होते, त्या बेटावर सगळं. पश्चिमेला किल्ला, त्यात रंगनाथस्वामींचं देऊळ आणि टिपूने बांधलेली दोन मिनारांची मशीद. किल्ल्याबाहेर दर्या दौलत. त्याच्याही पुढे पूर्वेला गुंबज, तिथे हैदरअली, टिपूची वालिदा आणि टिपू, तिघांच्या कबरी एका छताखाली. भोवती काळ्या दगडाचे ३६ खांब.

पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी तिकीट लागत नाही, हे कळल्यावर खर्च थोडा खाली आला. तरी माणशी २४०० रुपये होत होते. जूनपासून दरमहा ४०० रुपये, असे सहा हप्ते पाडले. प्रथमोपचाराची पेटी, पाळीचं सामान, पहिल्या दिवसासाठी घरून चपाती आणि शेंगदाण्याची चटणी, जुहरची नमाज कुठे, पाणी कुठे, सगळं कागदावर आलं. विज्ञानाच्या आपांनी आपला वेगळा कागद केला. टिपूच्या फौजेतले लोखंडी नळीचे अग्निबाण, त्याने म्हैसूर मुलखात आणलेला रेशमाचा उद्योग, आणि बंगळूरची हैदरअलीने सुरू केलेली लालबाग. बंगळूरला जाणं बसत नव्हतं, पण वर्गात सांगायला काय हरकत?

एवढं करून आम्ही संमतिपत्राचा मसुदा मुख्याध्यापकांपुढे ठेवला. आमचे हेडसर भला माणूस. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "जागा दाखवा. नाव लिहू नका."

आम्ही गप्प बसलो, कारण त्यांना काय म्हणायचं होतं ते आम्हाला कळत होतं. मिरजेपासून कोल्हापूर पन्नास किलोमीटर. ७ जून २०२३ ला तिथे मोबाईलवरच्या स्टेटसवरून काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. टिपू आणि औरंगजेबाच्या चित्रांवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्या दिवशी आमच्या शाळेतल्या निम्म्या मुली आल्या नव्हत्या. आल्या त्यांना नेायला त्यांचे अब्बा दुपारीच फाटकाशी उभे होते. तिकडे कर्नाटकातही सरकारी टिपू जयंती २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये बंद झाली. दोन्ही वेळा रस्त्यावर वाद. "उद्या एखाद्या पोरीने महालापुढचा फोटो कुठे टाकला," हेडसर म्हणाले, "तर मी कुणाकुणाला समजावू? तुम्ही म्हैसूर लिहा. वृंदावन बाग लिहा. प्राणिसंग्रहालय लिहा. तिथून पंधरा किलोमीटरवर गाडी वळली तर कोण विचारतंय?"

आम्ही तसंच लिहिलं. खोटं कशाला बोलायचं, आम्हालाही भीती वाटली होती. आमच्याही घरी मुलं आहेत. म्हैसूर, वृंदावन बाग, प्राणिसंग्रहालय. बेचाळीस प्रती काढल्या आणि नववीच्या वर्गात वाटल्या.

कागद हातात पडल्यावर एका मुलीने तो वरपासून खालपर्यंत वाचला. ही मुलगी सतारी-तंबोरे करणाऱ्या कारागिराची. मिरजेतली वाद्यं सगळीकडे जातात, हे वाचकांना माहीत आहेच. ती उभी राहिली. "आपा, दर्या दौलत राहिलं लिहायचं."

"तिथेही जायचंच आहे," आम्ही म्हणालो.

"मग लिहिलं का नाही?"

मुलगी उद्धटपणे बोलत नव्हती. तिला खरंच चूक झाली असं वाटलं होतं, आणि ती शिकवल्याप्रमाणे चूक दाखवून देत होती. आम्ही घंटा व्हायच्या आधी वर्गातून बाहेर पडलो.

त्याच आठवड्यात इतिहासाच्या तासाला फळ्यावर बेट काढलं होतं. खडूने कावेरीचे दोन फाटे, मधे किल्ला, बाग, गुंबज. १७९२ चा वेढा समजावून सांगणं चालू होतं. एका बाजूला इंग्रजांचा कॉर्नवॉलिस, एका बाजूला निजामाची फौज, आणि मराठ्यांकडून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. परशुरामभाऊ म्हणजे तासगावचे. तासगावच्या गणपतीचं दक्षिणी धाटणीचं उंच गोपूर त्यांच्या काळातलं. आमच्या मुलींनी ते एस.टी.च्या खिडकीतून कितीदा पाहिलेलं. तासगावचं नाव ऐकून वर्ग जागा झाला. आणि मग प्रश्न आला.

"आपा, मग आपण आत होतो की बाहेर?"

प्रश्न सोपा होता. किल्ल्यात टिपू. बाहेर तासगाव, मिरज, पुणे. आपण कोण? आमच्यापैकी एकीच्या माहेरी सांगतात की त्यांचे पूर्वज पटवर्धनांच्या पागेत चाकरीला होते. खरं असेल तर ते कावेरीच्या पलीकडच्या काठावर घोड्यांना दाणा घालत उभे असणार. किल्ल्यातल्या मशिदीची अजान त्यांनी बाहेरून ऐकली असेल. आमच्या एका शेजारणीच्या मते आपण आतलेच, त्यात विचारायचं काय. आणि गावात असेही लोक आहेत जे आमच्याकडे बघून आधीच ठरवून टाकतात की आम्ही आतले. आम्हाला कोणी विचारलेलंच नसतं.

त्या दिवशी आम्ही उत्तर दिलं नाही. "उद्या सांगू" म्हटलं, आणि तिघींनी मिळून चार दिवस घेतले. शाळेच्या कपाटातली पुस्तकं, नगर वाचनालयातली पुस्तकं, जे मिळालं ते वाचलं. वाचलेलं सगळंच गोड नव्हतं. टिपूने कुर्ग आणि मलबारात जे केलं त्याच्या आठवणी तिथले लोक आजही विसरलेले नाहीत. मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांना त्याने कैद करून नेलं. आणि दुसऱ्या बाजूला १७९१ मध्ये मराठ्यांच्या स्वारीत शृंगेरीचा मठ लुटला गेला, तेव्हा मूर्तीची पुन्हा स्थापना व्हावी म्हणून मदत पाठवणाराही हाच टिपू. स्वामींना त्याने कानडीत लिहिलेली पत्रं १९१६ मध्ये मठात सापडली. ज्याला आपला म्हणावं त्याचं सगळं पटत नाही, आणि ज्याला परका म्हणावं त्याचं सगळं टाकवत नाही. हे मुलींना सांगायचं की नाही, यावर आमच्यात वादही झाला. शेवटी ठरलं, सगळं सांगायचं. चौदा वर्षांच्या मुलीला घर सांभाळता येतं, लहान भाऊ सांभाळता येतो, मग खरी गोष्टही सांभाळता येईल.

चौथ्या दिवशी फळ्यावर चार साल लिहिली. १७९२, १७९९, १८०३, १८१८.

१७९२. तिघांनी मिळून टिपूला नमवलं. निम्मं राज्य गेलं, ३ कोटी ३० लाख रुपये दंड ठरला, आणि तो फिटेपर्यंत टिपूची दोन लहान मुलं इंग्रजांकडे ओलीस. त्या वेढ्यात बेटाच्या पूर्वेकडची टिपूची लाल बाग इंग्रजांच्या हाती पडली आणि मोर्चे बांधण्यासाठी तिच्यातली झाडं तोडली गेली.

इथे एकीने मधेच विचारलं, "मुलांना पाठवायच्या कागदावर त्यांच्या अब्बांनी सही केली?"

"केली. तहावर सही बापाचीच असते."

"बघा आपा. त्यांना लढाईत पाठवलं. आम्हाला सहलीला पाठवत नाहीत."

१७९९. पुन्हा वेढा. या वेळी पेशव्यांची फौज त्यात नव्हती. ४ मे रोजी टिपू किल्ल्यात लढताना मारला गेला. त्यानंतर दर्या दौलत महालात कोण राहायला आलं? इंग्रजांचा कर्नल आर्थर वेलस्ली. ज्या भिंतीवर इंग्रजांचा पराभव रंगवलेला, त्याच भिंतीच्या आत.

१८०३. तोच वेलस्ली महाराष्ट्रात उतरला. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांच्या फौजेचा पराभव केला.

१८१८. पेशवाई संपली.

"आता सांगा," आम्ही म्हटलं, "कोण आत होतं आणि कोण बाहेर?"

वर्ग बराच वेळ फळ्याकडे बघत होता. मग सतार-कारागिराची मुलगी म्हणाली, "आपा, आधी जे बाहेर होते ते नंतर आत आले." तिने 'आत' म्हणजे वेढ्यात असं म्हटलं होतं. आम्हाला एवढं नीट सांगता आलं नसतं. बी.एड.च्या भाषेत, उद्दिष्ट साध्य झालं.

त्या संध्याकाळी आम्ही संमतिपत्र पुन्हा लिहिलं. 'म्हैसूर येथील राजवाडा. श्रीरंगपट्टण येथील टिपू सुलतान यांचा दर्या दौलत महाल व बाग, किल्ला, मशीद, रंगनाथस्वामी मंदिराचा बाहेरील परिसर, गुंबज.' खाली मराठी आणि उर्दू दोन्हीत. हेडसरांपुढे ठेवताना म्हटलं, सर, बागेला जाऊन आलो आणि मुलींना म्हणालो की कुठे गेलात ते बाहेर सांगू नका, तर त्या सहलीतून काय शिकतील? बाग बघणं म्हणजे काहीतरी चोरीचं काम आहे, एवढंच ना? सर पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सही केली, आणि सहीखाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली, 'पालकांची सभा घेऊन माहिती द्यावी.' घाबरलेल्या माणसाने दाखवलेली ही हिंमत होती. आम्हाला तिची किंमत आहे.

सभा रविवारी घेतली. बेचाळीस घरांतून एकतीस माणसं आली. बहुतेक अम्मी आणि दादी, नऊ-दहा अब्बा. आम्हाला वाटलं होतं टिपूच्या नावावरून प्रश्न येतील. एकच आला. बाकी सगळे प्रश्न रात्रीचे होते. गाडीत पुरुष कोण असणार? मुक्कामाच्या खोलीला कडी आतून आहे का? एका अम्मीने स्पष्ट सांगितलं, "आपा, आप पे भरोसा है. पर लडकी जात है, चार रातां बाहर कैसा छोडना?" आम्ही एकेका रात्रीचा हिशेब दिला. डबा एक, शिक्षिका तीन, शाळेच्या एक वयस्क सेविका, म्हैसुरात मुलींच्याच वसतिगृहात उतरायचं, रोज संध्याकाळी फोन. त्या पहिल्या भित्र्या संमतिपत्रात हे काहीच नव्हतं. नाव लपवण्याच्या नादात ज्याची पालकांना खरी काळजी होती, ते सांगायचं आम्ही विसरूनच गेलो होतो.

सतारवाले अब्बा शेवटच्या बाकावर होते. बोटांना अजून रंग लागलेला. ते उभे राहिले तेव्हा आम्ही मनात तयारी केली. ते म्हणाले, "तो महाल कुठल्या लाकडाचा आहे?"

"सागवानाचा," आम्ही सांगितलं. "खांब सागवानी आहेत. वरून रंगकाम, सोनेरी नक्षी."

"दोनशे वर्षं वर झाली. अजून उभा आहे?"

"आहे."

मग ते जे बोलले ते कोणी विचारलेलं नव्हतं. तंबोरे पोचवायला ते पंचवीस वर्षं बंगळूरला आणि म्हैसूरला जातात. बंगळूरहून म्हैसूरला जाणारी गाडी त्या बेटावरून जाते. खिडकीतून मशिदीचे दोन मिनार दिसतात. "दर वेळी म्हणतो, परतताना उतरू. परतताना खिशात पैसे असतात, मग जीव घाबरतो. सरळ घर गाठतो. पंचवीस वर्षांत उतरलो नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "पोरगी उतरू दे."

त्यांच्या सहीनंतर पाठोपाठ सह्या झाल्या असं लिहायला छान वाटलं असतं. तसं झालं नाही. त्या दिवशी एकोणतीस सह्या झाल्या. पुढच्या पंधरवड्यात घरोघरी जाऊन नऊ आणखी. अडतीस. चार अजून नाहीत. त्यातल्या एका मुलीचं लग्न ठरतं आहे आणि होणाऱ्या सासरी विचारावं लागेल, असं तिचे अब्बा म्हणतात. एकीच्या घरी पैशाची अडचण आहे, ती आम्ही मिटवू, पण ते सांगायला त्यांना संकोच वाटतो. दोघींच्या घरी भाऊ नको म्हणतो. भाऊ आमच्याच शाळेतून शिकून गेलेला. तो विजापूरच्या सहलीला आला होता. गोलघुमटात सगळ्यांत जास्त ओरडणारा तोच.

मोबाईलचा प्रश्न राहिला होता. पहिल्या टाचणात आम्ही लिहिलं होतं, मुलींना मोबाईल आणण्यास व फोटो काढण्यास सक्त मनाई. ती ओळ आता खोडली आहे. मोबाईल नकोतच, ते शाळेच्या नियमाला धरून आहे. पण फोटो आम्ही काढू. वाटेवर, सरूच्या झाडांपाशी, सगळ्या वर्गाचा. महालाच्या आत मनाई आहे, तिथे मुलींनी वहीत चित्र काढायचं. प्रत्येकीला एक प्रत देऊ, ती त्यांनी घरी भिंतीवर लावावी की पेटीत ठेवावी हा त्यांचा प्रश्न. मराठीच्या वहीत सहलीचा निबंध, उर्दूच्या वहीतही. बाग दोन्हीकडे आली पाहिजे, एकदा 'ती' आणि एकदा 'तो'.

एक गोष्ट मुलींना तिथे गेल्यावर सांगायची म्हणून राखून ठेवली आहे. पोल्लिलूरचं ते चित्र मधल्या काळात पुसट झालं होतं, चुन्याखाली गेलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लॉर्ड डलहौसीने ते पुन्हा रंगवून घेतलं. आपल्याच लोकांच्या पराभवाचं चित्र इंग्रजांच्या लाटसाहेबाने जपलं. त्यामागे त्याचं काय मन होतं ते त्याचं त्याला ठाऊक. पण चित्र राहिलं, म्हणून ते आज कोणालाही बघता येतं. ज्यांचे पूर्वज किल्ल्यात होते त्यांनाही, आणि ज्यांचे बाहेर होते त्यांनाही.

सहल डिसेंबरात आहे. रेल्वेची तिकिटं काढण्याची वेळ आली तेव्हा हेडसरांनी विचारलं, "किती? अडतीस?"

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. आम्ही बेचाळीस काढली. चार परत करावी लागली तर कापले जाणारे पैसे आम्ही तिघी वाटून घेऊ. येत्या रविवारी त्या चार घरी पुन्हा जायचं आहे. संमतिपत्राच्या चार कोऱ्या प्रती पर्समध्ये आहेत. श्रीरंगपट्टणचं नाव त्यांच्यावर पूर्ण लिहिलेलं आहे.